मनोरुग्ण पालकांच्या अपत्यांमधील उभारी (बीड जिल्हा)

आई किंवा वडील छिन्नमनस्कता (वास्तवाचे भान विस्कळीत करणारा विकार), द्विध्रुवी विकार (अतिउत्साह व खिन्नता यांचे आलटून पालटून येणारे झटके) अथवा तीव्र नैराश्य यांनी दीर्घकाळ आजारी असतानाही मुलांचे शिक्षण, नातेसंबंध व भावनिक वाढ बव्हंशी सुरळीत राखणाऱ्या क्षमतेस उभारी म्हणतात. ती उपजत देणगी नसून भोवतालच्या आधारांतून घडत जाते, असे आज सामान्यतः मानले जाते.

संशोधन : हवाईतील कावाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर व रूथ स्मिथ यांनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, गृहकलह, पालकांचा मनोविकार अशा एकाहून अधिक जोखमींत वाढलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली. त्यांना लहानपणी किमान एका विश्वासू प्रौढाचा आधार लाभलेला आढळला.

स्थानिक परिस्थिती : जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत सामान्यतः पतिपत्नीची जोडी हा एक ‘कोयता’ धरला जातो व मुकादमाकडून उचलही त्याच हिशेबाने मिळते, त्यामुळे दोघांपैकी एक मनोरुग्ण झाल्यास कोयता मोडतो, उचल फिटणे कठीण होते आणि मोळ्या वाहणे, स्वयंपाक, धाकट्यांचा सांभाळ व गोळ्यांची आठवण ही कामे थोरल्या अपत्याकडे, बहुधा मुलीकडे, येण्याचा संभव असतो. अशा अकाली जबाबदारीने मूल घडते की खचते, याविषयी मतभेद आहेत. दसऱ्याच्या सुमारास कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेले की उपचार व शाळा दोन्ही खंडित होऊ शकतात. मूल गावी आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिल्यास निदान शाळेचा दिनक्रम टिकतो. आजार ‘बाहेरचा’ मानून देवऋषीकडे नेण्यात उपचार लांबतात. आजाराचे स्वरूप वयाला पेलेल असे समजावून सांगितल्यास मूल स्वतःला दोष देत नाही.

सेवा : अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारशास्त्र विभाग आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आर्वी (ता. शिरूर कासार) येथे शांतिवन हा निवासी शैक्षणिक प्रकल्प आहे.

कायदा : मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील कलम २१ नुसार मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल तिच्यापासून सहसा वेगळे करता येत नाही. मुलाला तिच्याकडून इजा होण्याचा धोका आहे असे मनोविकारतज्ज्ञाचे मत झाल्यास, किंवा मुलाच्या हितासाठी व सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्यास, त्यास तात्पुरते वेगळे ठेवता येते. मात्र त्या काळात आईची देखरेखीखाली भेट चालू ठेवावी लागते, निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार होतो आणि तीस दिवसांपलीकडील ताटातुटीस संबंधित प्राधिकरणाची मान्यता लागते. तीन वर्षांवरील मुलांचा या तरतुदीत समावेश नाही.

चित्रपट : सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या देवराई (२००४) या छिन्नमनस्कतेवरील चित्रपटात रुग्णाचा सांभाळ बहीण करते.