दयामरण (बारामती–इंदापूर)

बरे होण्याची आशा संपलेल्या रुग्णाचा मृत्यू यातनांतून सुटका व्हावी म्हणून घडवून आणणे, किंवा नुसता श्वास लांबवणारे उपचार थांबवून तो येऊ देणे. पहिला प्रकार, म्हणजे औषध टोचून मरण आणणे, भारतात गुन्हा आहे. रुग्णाने स्वतः मागितले तरी डॉक्टर सदोष मनुष्यवधाच्या कलमातून सुटत नाही. व्हेंटिलेटर, नळीतून अन्न असे आधार काढून घेण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून मान्यता दिली आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या बारामती व इंदापूर तालुक्यांत या विषयाची भाषा वेगळी आहे. तिथे नातेवाईक डॉक्टरांना ‘घरी न्यावं का?’ एवढेच विचारतात, आणि शेवटच्या आजारातले बरेचसे निर्णय या एका प्रश्नात उरकतात.

देशातला हा वाद मुख्यतः महाराष्ट्रात घडला. मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. सदानंद वर्दे यांनी १९८५ मध्ये विधान परिषदेत अशासकीय विधेयक आणले. त्याचा कायदा झाला नाही. पुढच्याच वर्षी न्या. पी. बी. सावंत यांचा सहभाग असलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एका पोलीस शिपायाच्या खटल्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम घटनाबाह्य ठरवले. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येतो, ही ती भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात नाकारली.

डॉक्टर, परिचारिका आणि बाहेरचा समाज यांची मते उघडपणे एकमेकांवर आदळली ती अरुणा शानबाग प्रकरणात. मूळच्या उत्तर कन्नडमधील हळदीपूरच्या अरुणा मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि पुढची जवळपास बेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. २००९ मध्ये पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचे अन्न थांबवण्याची परवानगी मागितली. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या तीन डॉक्टरांची समिती तपासणीसाठी पाठवली. केईएमचे म्हणणे उलट होते : अरुणा आमच्या आहेत आणि आम्ही त्यांना सांभाळू. आवडीचे मासे किंवा चिकन सूप मिळाले की त्या हसतात, असे रुग्णालयाने लेखी कळवले. इतकी वर्षे खाटेवर असूनही अंगाला जखम होऊ न देणाऱ्या परिचारिकांची न्यायालयाने मुक्तकंठाने प्रशंसा केली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी विराणी यांची मागणी फेटाळली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असे ठरवले. आणि त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाचे, म्हणजे आधार काढून घेण्याचे, दार देशासाठी उघडले. परिचारिकांनी त्या दिवशी पेढे वाटले. अरुणांचा मृत्यू १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने झाला. या प्रकरणात सगळे बोलले, फक्त रुग्ण बोलू शकत नव्हती. तालुक्याच्या गावात बोलू शकणाऱ्या रुग्णालाही पुष्कळदा विचारले जात नाही. कॅन्सर झाल्याचे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते आणि ज्याला झाला त्याला ‘गाठ आहे, निघेल’ असे सांगितले जाते.

कॉमन कॉज खटल्यात ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. पण अटी अशा होत्या की इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी आणि आधार काढण्याविषयी मत देणाऱ्या वैद्यकीय मंडळांवरचे तज्ज्ञ वीस वर्षे अनुभवाचे हवेत. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने त्या सैल झाल्या. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो आणि तज्ज्ञांना पाच वर्षांचा अनुभव पुरतो. तरीही हिशेब करून पाहावा. पहिल्या मंडळात उपचार करणारे डॉक्टर व किमान दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर व आणखी दोन नवे तज्ज्ञ. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे आणि आधार काढण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याला कळवायचे. म्हणजे किमान सहा डॉक्टर. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे ते जमू शकतील. इंदापूरच्या एखाद्या छोट्या खासगी दवाखान्याने सहा जण कुठून आणायचे? जिल्ह्याचे ठिकाण इंदापूरहून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे. मोठ्या शहरातला अतिदक्षता विभाग डोळ्यांपुढे ठेवून केलेली ही रचना आहे.

प्रत्यक्षात जे चालते ते ‘सहीवर सोडणे’. डॉक्टर म्हणतात, आता सेवा करा. थोरला मुलगा किंवा पुतण्या ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशा कागदावर सही करतो. नळी घशात तशीच ठेवून, रबरी फुगा हाताने दाबत रुग्णाला रुग्णवाहिकेतून गावी आणतात. अंगणात माणसे जमलेली असतात. कोणी तोंडात गंगाजल व तुळशीचे पान घालते, मग नळी निघते. ग्रामपंचायतीच्या नोंदीत हा घरी झालेला मृत्यू ठरतो. इच्छापत्र, मंडळ, दंडाधिकारी यांपैकी काहीच मध्ये येत नाही. याला कोणी दयामरण म्हणत नाही, पण न्यायालयाने ज्या कृतीसाठी एवढी शिस्त घातली तीच ही कृती आहे. फरक इतकाच की निर्णय वैद्यकीय कारणाने झाला की उसाच्या बिलाचे पैसे संपले म्हणून, हे कागदावरून कळत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाली, तरी योजनेत न बसणारा खर्च आणि पुण्यातला मुक्काम घरच्यांच्याच खिशातून जातो.

धर्मपरंपरांकडे पाहिले तर या भागात एकच एक मत सापडणार नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून निघून, बेलवाडीचे रिंगण करून इंदापूरमार्गे पंढरीला जाते. वारकऱ्यांना ज्ञानदेवांची संजीवन समाधी पूज्य आहे, पण आजारी माणसाचे उपचार थांबवायला तिचा दाखला कोणी देत नाही. बाजारपेठांतल्या जैन घरांत सल्लेखना हे मृत्यूपर्यंत अन्न सोडण्याचे व्रत आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये ते आत्महत्येच्या कक्षेत ढकलले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. व्रती स्वतः, शुद्धीत, पायरीपायरीने अन्न सोडतो. बेशुद्ध माणसासाठी दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयाशी त्याची गल्लत करू नये. इंदापूरला चाँदशाहवलींचा दर्गा आहे, मुस्लिम वस्ती जुनी आहे. प्राण ही अल्लाची ठेव असल्याने तो घेणे इस्लामला अमान्य. मात्र निष्फळ उपचार थांबवण्यास अनेक उलेमांची हरकत नसते. कॅथलिक चर्चची भूमिकाही बरीचशी अशीच आहे. आधुनिक महाराष्ट्रात सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये आणि विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न व औषध सोडून देह ठेवला. विनोबांना इंदिरा गांधी भेटून गेल्या, तरी त्यांनी औषध घेतले नाही. त्या वेळी त्यांना जबरदस्तीने नळी घातली गेली नाही, हे आजच्या अतिदक्षता विभागांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

डॉक्टरांत दोन भीती आहेत. एक कायद्याची, दुसरी जमावाची. रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये जीवनाधार काढण्याविषयी मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांवरचा ताण वाढेल अशी हरकत घेतली. अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने मात्र अशा निर्णयांसाठी २००५ पासूनच मार्गदर्शक तत्त्वे केली आहेत. वेदनाशमन करणाऱ्या डॉक्टरांचा अनुभव तिसरेच सांगतो : दुखणे आवरले, जखमेचा वास गेला, रात्री झोप लागली की ‘सोडवा मला’ म्हणणे बहुतेकदा थांबते. त्यासाठी मॉर्फिन लागते. परवान्यांची गुंतागुंत २०१४ च्या अमली पदार्थ कायद्यातील दुरुस्तीने कमी झाली, पण गोळी तालुक्याच्या औषधदुकानात सहज मिळत नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून कॅन्सर रुग्णांना ही सेवा विनामूल्य देते. बारामतीहून ते सुमारे शंभर किलोमीटर.

इच्छापत्र करणारे अद्याप विरळच. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्या. एम. एस. सोनक यांनी ते नोंदवले. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचे इच्छापत्र केले आणि ते सांभाळणारा अधिकारीच नेमलेला नाही म्हणून उच्च न्यायालयात जनहित याचिका लावली. त्यानंतर राज्याने स्थानिक संस्थांत असे अधिकारी नेमले. बारामती वा इंदापूरच्या रहिवाशाने दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी करून प्रत नगर परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे द्यायची असते. वेळ आली तर कोणी बोलायचे, त्या व्यक्तीचे नाव त्यात लिहावे लागते. शुद्धीत असेपर्यंत ते केव्हाही लेखी बदलता किंवा रद्द करता येते.