शिक्क्यावर शिक्का

आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी डकवलेली असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा'वरची चिठ्ठी भरली तरी मी ती उचकटली नाही, तिच्याखाली नवी डकवली. जुन्या चिठ्ठीत वर्षाकाठी दोन-तीन जांभळे शिक्के, एखादं वर्ष अगदी कोरडं. २००१च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मात्र शिक्क्यावर शिक्का चढलेला. २८ ऑगस्टला माडगूळकर गेले होते. गावात गणपती बसलेले. आरती आटोपून, कपाळावर गुलाल तसाच ठेवून, दोन शेतकरी पुस्तक मागायला आले. प्रत एकच, मग नंबर लावावे लागले.

माडगूळकरांची 'बनगरवाडी' कॉलेजच्या पोरांनी नेली. पण मेंढरं आणि उघडा माळ म्हणजे राज्याचं दुसरं टोक. आम्ही धानाच्या बांध्यांतली, तलावांतली माणसं. त्यांच्याच 'सत्तांतर'ला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता, हे मी एका आजोबांना कौतुकानं सांगितलं. कादंबरी वानरांवर आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मास्तर, आमची तुरी खाऊन जातात त्यांच्यावर?" नेली मात्र त्यांनी.

'नागझिरा'चं तसं नव्हतं. ते रान आमचं. पुस्तक आलं तेव्हा नागझिरा भंडारा जिल्ह्यात होतं. गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ला. बनगरवाडीचा लेखक इतक्या लांबून आला, आमच्या जंगलात राहिला, पायी हिंडला, याचा लोकांना अभिमान होता. शोकसभा झाली की नाही, मला आठवत नाही. पुढच्या उन्हाळ्यात काही जण पुस्तक पिशवीत घालून नागझिऱ्याला जाऊन आले, एवढं पक्कं आठवतं. परत आलेल्या प्रतीच्या समासात शिसपेन्सिलीनं लिहिलेलं होतं : 'पायी फिरलो. खरं आहे.' नियमाप्रमाणे दंड घ्यायला हवा होता.

आमच्या रानावर लिहिणारे दुसरे लेखक, मारुती चितमपल्ली, गेले ते १८ जून २०२५ला, सोलापुरात, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. पद्मश्री त्याच वर्षीची. त्यांना कादंबरीकार म्हणायला समीक्षक कचरतील; कचरोत. आमच्याकडे 'नवेगावबांधचे दिवस' कादंबरीसारखंच वाचलं जातं, कारण त्यातली पात्रं ओळखीची. त्यातल्या माधवराव पाटील डोंगरवारांना पाहिलेली माणसं इथं भेटतात. मृग लागलेला, पऱ्हे टाकायची घाई, त्यामुळे पुस्तक मागायला फारसं कोणी आलं नाही. आले ते बोलायला. त्यांच्या तोंडी लेखक नव्हताच, "साहेब" होते, वनखात्याचे साहेब. एका ढिवर म्हाताऱ्यानं 'पक्षिकोश' हातात घेतला तो उलटा. वाचता येत नव्हतं. "आमच्या पाखरांची नावं हायेत ना यात?" मी सुलटा करून चित्रं दाखवली, तेव्हा नावं तोच सांगत गेला. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार असे शब्द साहेबांनी मराठीला दिले, हे मी त्याला सांगितलं. त्याला त्यात विशेष वाटलं नाही. नाव तर द्यावंच लागते, म्हणाला.

तसं पाहिलं तर माणूस गेल्यावर त्याला कसं धरून ठेवावं, हे नवेगावला जुनं ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीनं इथला तलाव बांधला, अशी आठवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सात बहिणी म्हणतात त्या टेकड्यांच्या मधे पाणी अडवलं. आणि मेल्यावर तो कोलासूर देव झाला. लेखकाचा कोणी देव करत नाही, बरंच आहे. चितमपल्लींच्या वाट्याला एक आठवडा आला : ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा, आणि मधले दिवस राज्यात २०२०पासून पक्षी सप्ताह. थंडी नुकती पडू लागलेली असते. पोरं पाळीवर एकच दुर्बीण आळीपाळीनं डोळ्याला लावतात आणि भांडतात.

गेल्या नोव्हेंबरात 'नागझिरा' पुन्हा बाहेर गेलं. परत आल्यावर सवयीनं पानं चाळली. २०१३मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला; आता तिथं फाटकावर गाडीची नोंद होते, गाइड सोबत बसतो आणि खाली पाय ठेवू देत नाहीत. त्या शिसपेन्सिलीच्या ओळीखाली कोणीतरी निळ्या बॉलपेननं लिहिलं आहे : 'आता जिप्सीतूनच.'