दोन नंबरची जागा

‘वन पीस’ या जपानी मंगाच्या, म्हणजे चित्रकथेच्या, वाचकांना चाच्यांच्या शिरावरची इनामं तोंडपाठ असतात. कथेतलं जागतिक सरकार ही इनामं लावतं आणि प्रत्येक मोठ्या लढाईनंतर वाढवतं. वानो देशातल्या युद्धानंतरचे आकडे असे: कप्तान लुफी ३ अब्ज बेरी, तलवारबाज झोरो १ अब्ज ११ कोटी १० लाख, सुकाणू सांभाळणारा जिन्बे १ अब्ज १० कोटी, आचारी सांजी १ अब्ज ३ कोटी २० लाख. इतका स्वच्छ उतरता क्रम हाती आल्यावर वाद मिटायला हवा. उलट तो पेटला. जिन्बे खरंच सांजीहून वरचढ आहे का? आणि होल केक बेटावरच्या भानगडीनंतर सांजी ३३ कोटींवर आणि झोरो ३२ कोटींवर होता, तेव्हा मग सांजी मोठा होता का?

हे भांडण मोबाइलवरच्या पोरांनी काढलं असं मोठ्यांना वाटतं. त्याचं मूळ जपानमध्ये पार १७५७ सालापर्यंत मागे जातं.

त्या साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, सुमोच्या मल्लांची क्रमवारी एका उभ्या कागदावर छापली गेली. या कागदाला बान्झुके म्हणतात. पूर्व आणि पश्चिम असे दोन पक्ष समोरासमोर, सगळ्यांत वर ठसठशीत अक्षरांत ओझेकी, त्याखाली सेकिवाके, मग कोमुसुबी. खाली उतरावं तशी अक्षरं बारीक होत जातात. तळाशी पोचेपर्यंत नाव वाचायला डोळे ताणावे लागतात. माणसाची लायकी अक्षराच्या जाडीवरून कळावी, अशी ही रचना आजही तशीच छापली जाते.

पण कागद काढणारे होते आयोजक, आणि त्यांना गर्दी जमवायची होती. म्हणून केवळ अंगापिंडाने अवाढव्य असलेल्या एखाद्या माणसाला कुस्ती येवो न येवो, थेट ओझेकी म्हणून वर बसवायची पद्धत होती. अशांना पाटीवरचे ओझेकी म्हणत. याउलट राइदेन तामेएमोन. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची दोन दशकं त्याने आखाडा गाजवला. २५४ विजय आणि अवघे १० पराभव ही त्याची नोंद. तरी योकोझुना हा मल्लांमधला सर्वोच्च बहुमान त्याला मिळाला नाही. का मिळाला नाही, यावर जपानी लोक दोनशे वर्षं तर्क लढवत आहेत. १९००मध्ये टोकियोच्या तोमिओका हाचिमान देवस्थानात योकोझुनांची नावं कोरलेली शिळा उभी राहिली, तेव्हा राइदेनचं नावही तिच्यावर घ्यावं लागलं. त्याला योकोझुना म्हणता येईना, म्हणून ‘अतुलनीय मल्ल’ असं कोरलं गेलं. दर्जा एकीकडे आणि ताकद दुसरीकडे, हे दुखणं इतकं जुनं आहे.

बान्झुकेची खरी गंमत पुढे झाली. एदोच्या छापखानेवाल्यांनी हाच साचा उचलून वाटेल त्याची क्रमवारी छापायला घेतली. गरम पाण्याच्या झऱ्यांत पूर्वेचा ओझेकी कुसात्सु, पश्चिमेचा आरिमा. श्रीमंत व्यापारी, खाणावळी, गाजलेले सूड, सगळ्यांचे कागद निघाले. तेन्पो काळात, म्हणजे १८३० ते १८४४च्या दरम्यान, रोजच्या काटकसरीच्या पदार्थांचंही एक बान्झुके निघालं. त्यात मासे विरुद्ध शाकाहार असा सामना लावलेला. शाकाहाराकडून टोफूचा एक साधा रस्सा ओझेकी, माशांकडून सुकी तारली. आता मासा आणि टोफू कुस्ती कशी खेळणार, हा प्रश्न कोणाला पडला नाही. घरोघर कोण वर, कोण खाली यावर बोलणं व्हावं, एवढाच त्या कागदाचा उद्देश होता.

या नकली कागदांत एक शहाणपण होतं. सुमोच्या बान्झुकेत मधोमध उभी पट्टी असते. तिच्यात पंच आणि आयोजक यांची नावं येतात. ते कोणाशी झुंजत नाहीत. ज्याची तुलना दुसऱ्या कशाशी करणं शोभणार नाही, त्याला नकली कागदवाले या पट्टीत बसवत. पदार्थांच्या यादीत मुळ्याचं लोणचं पंच झालं होतं, कारण ते प्रत्येकच ताटात असायचं. म्हणजे क्रमाबाहेरच्यांसाठीही कागदावर सन्मानाची जागा राखलेली होती. ही पट्टी पुढच्या वारसांकडून हरवली.

याच काळात जपानी वाचकाला वीरांच्या टोळीची गोडी लागली ती ‘सुइकोदेन’मुळे. ही मूळची चिनी कादंबरी. बंडखोर १०८, आणि त्यांचा क्रम आकाशातून पडलेल्या शिळेवर कोरलेला. चित्रकार कुनियोशीने १८२७पासून या वीरांची रंगीत चित्रं काढली आणि एदोत त्यांचं वेड पसरलं. लोकांनी ते वीर अंगावर गोंदवून घेतले. शिळेवरच्या यादीत पहिला आहे सोंग ज्यांग, जो लढाईत कोणाच्या खिजगणतीत नाही. नुसत्या हाताने वाघ मारणारा वू सोंग चौदावा. टोळीचा म्होरक्या सगळ्यांत बलवान असलाच पाहिजे असं नाही, हे त्या शिळेने सांगून टाकलं होतं. आपल्याकडच्या वाचकाला इथे उद्योगपर्व आठवेल. भीष्म एकेकाला रथी, अतिरथी म्हणत मोजत जातात, कर्णाला अर्धरथी ठरवतात, आणि कर्ण भीष्म सेनापती असेपर्यंत शस्त्र धरत नाही. यादी करणारा कोण आणि त्याच्या मनात काय, हे विचारल्याशिवाय यादी वाचू नये, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

विसाव्या शतकात हा सगळा वारसा चित्रकथांच्या एका साप्ताहिकाच्या पदरात पडला. ‘शोनेन जंप’ १९६८मध्ये सुरू झालं. प्रत्येक अंकात एक पोस्टकार्ड, त्यावर वाचकाने आवडलेल्या तीन कथा लिहून पाठवायच्या. मागे पडणाऱ्या कथेचा गाशा गुंडाळला जाई. क्रम लावण्याचा अधिकार असा शाळकरी मुलांच्या हातात आला, आणि चित्रकथाकारही त्यांच्या भाषेत बोलू लागले.

त्या भाषेत आकडे पहिल्यांदा बिनधास्त आणले ते १९७९मध्ये सुरू झालेल्या ‘किन्निकुमान’ने. युदेतामागो या नावाने लिहिणाऱ्या जोडीची ही कुस्तीकथा. त्यात प्रत्येक महामानवाला शक्तीचा एक आकडा. नायकाचा साडेनऊ लाख, तर बफेलोमॅन या बैलशिंग्या राक्षसाचा १ कोटी. त्याच्याशी लढताना १० लाखांचा वॉर्समॅन भर आखाड्यात गणित मांडतो. दोन्ही हातांना पंजे, म्हणून २० लाख. उडी नेहमीच्या दुप्पट, म्हणून ४० लाख. गिरक्या तिप्पट, म्हणून १ कोटी २० लाख! हिशेब चोख, आकडा शत्रूहून मोठा, आणि तरीही वॉर्समॅन हरतो. हा प्रसंग जपानमध्ये अजूनही हसत हसत सांगितला जातो. आकड्याची हवा काढायला लेखकांनी पहिल्याच फेरीत सुरुवात केली होती.

१९८८मध्ये अकिरा तोरियामाने ‘ड्रॅगन बॉल’मध्ये स्काउटर आणला. कानाला लावायचं यंत्र, डोळ्यासमोर हिरवी काच, समोरच्याकडे पाहिलं की शक्तीचा आकडा हजर. पृथ्वीवर उतरलेल्या रादित्झला पहिला भेटतो बंदूकधारी शेतकरी, आकडा ५. नायक गोकू ३३४, त्याच्यासोबतचा पिकोलो ३२२. दोघांनी अंगावरचे वजनदार कपडे उतरवताच ४१६ आणि ४०८. पुढे खलनायक फ्रिझा थंडपणे सांगतो, माझा आकडा ५ लाख ३० हजार. आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर ही मालिका पाहिलेल्या पिढीला या आकड्यांचा थरार माहीत आहे.

तोरियामाने यंत्र दिलं, पण त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची फजितीच दाखवली. पृथ्वीवरचे लढवय्ये शक्ती लपवतात. गोकूच्या चिमुकल्या मुलाचा, गोहानचा, आकडा रडता रडता ७१०वर जातो आणि क्षणात १वर येतो. यंत्रं धडाधड फुटतात. स्काउटर वापरणारे सगळे आक्रमक फौजेतले. कोणता ग्रह जिंकायला सोपा, हे त्यांना चटकन ठरवायचं असतं. नायकाच्या बाजूचे लोक न मोजता समोरच्याचा अंदाज घ्यायला शिकतात. फ्रिझाचा निकाल लागल्यावर कथेने आकडे जवळजवळ सोडूनच दिले. वाचकांनी मात्र सोडले नाहीत. १९९६च्या संदर्भग्रंथाने त्यांची भूक ओळखून सुपर सैयान गोकू १५ कोटी आणि पूर्ण ताकदीचा फ्रिझा १२ कोटी असं छापून टाकलं. त्या ग्रंथातले आकडे पुढच्या असंख्य वादांचं दारूगोळ्याचं कोठार ठरले.

एइचिरो ओदाने जुलै १९९७मध्ये ‘वन पीस’ सुरू केलं, तेव्हा ही सगळी परंपरा त्याच्यासमोर होती. त्याने मोजमाप पुन्हा शत्रूच्याच हाती दिलं, पण वेगळ्या चतुराईने. इनाम हा ताकदीचा आकडा नाही. सरकारला एखाद्याची किती भीती वाटते, त्याचा आकडा आहे. लुफीच्या टोळीतल्या रॉबिनवर आठव्या वर्षी ७ कोटी ९० लाखांचं इनाम लागलं, कारण तिला बंदी घातलेली जुनी लिपी वाचता येत होती. लाडक्या डॉक्टर चॉपरला सरकार जहाजावरचं पाळीव जनावर समजतं. वानोच्या युद्धानंतरही त्याच्या शिरावर अवघे १००० बेरी. आणि योगायोगानेच वर चढत आलेला बगी हा विदूषक आज ३ अब्ज १८ कोटी ९० लाखांवर, म्हणजे लुफीच्याही पुढे आहे. पाटीवरच्या ओझेकीची परंपरा अशी शाबूत राहिली.

एकदाच ओदाने थेट ताकद मोजून दाखवली. एनिएस लॉबीच्या प्रकरणात सरकारी मारेकऱ्यांचं बळ ‘दोरिकी’ या मापात येतं. काकू २२००, जाब्रा २१८०. झोरोने काकूला हरवलं, सांजीने जाब्राला. वीसच गुणांचा फरक, आणि तो आजही वादात पुरावा म्हणून आणला जातो. पण त्याच प्रकरणात सांजी आधी त्यांच्यातल्याच कालिफाकडून हरलेला असतो, आणि तिचं बळ ६३०. बाईवर हात उचलायचा नाही हा त्याचा नेम. मार खाईन पण नेम मोडणार नाही. ६३०समोर पडलेला माणूस त्याच दिवशी २१८०ला लोळवतो, तेव्हा त्या मापाने नेमकं काय मोजलं? आणि या सगळ्या मारेकऱ्यांचा साहेब स्पांडाम, त्याचं बळ ९. साध्या बंदूकधारी शिपायाचं १०. ओदाने हे माप पुढे वापरलंच नाही.

या वादाची थट्टा तर त्याने फार आधी, लिटल गार्डन बेटावरच करून ठेवली होती. डोरी आणि ब्रोगी हे दोन राक्षस तिथे शंभर वर्षं लढत आहेत, आणि भांडणाचं कारण दोघांनाही आठवत नाही. खरं कारण एवढंच: दोघांनी एकेक अजस्र सागरी प्राणी मारून आणला आणि एका लहान मुलीने विचारलं, मोठा कोणता? त्याच बेटावर झोरो आणि सांजीत पैज लागते, मोठी शिकार कोणाची. वाचकांच्या हातातलं भांडण ओदाने अशा रीतीने त्या दोघांच्याच तोंडी घातलं.

तरीही वाद टिकून आहे, कारण त्याच्या पोटात ताकदीपेक्षा मोठा प्रश्न आहे. लुफीच्या जहाजावर उपकप्तान हे पद नाही. झोरो लढवय्या, सांजी आचारी, नामी दिशादर्शक. प्रत्येकाला काम आहे, दुसरा क्रमांक कोणालाच नाही. ती जागा वाचक भरू पाहतात. झोरोची बाजू घेणारे सांगतात, सोबती उसॉप रुसून गेला आणि परत आला, तेव्हा माफीशिवाय घ्यायचं नाही हे कप्तानाला ठणकावणारा तोच. सांजीची बाजू घेणारे सांगतात, अलाबास्तात लुफी आणि झोरो पिंजऱ्यात अडकले असताना बाहेरून डाव टाकणारा सांजी. एनिएस लॉबीचं न्यायद्वार बंद करून पळायला वाट करून देणाराही तोच. थ्रिलर बार्कवर लुफीच्या बदल्यात आधी झोरो आपलं मस्तक देऊ करतो, मग सांजी, आणि झोरो त्याला तलवारीच्या मुठीने बेशुद्ध करतो. त्या एका पानावरून दोन्ही गट शपथा घेतात.

२०२१मध्ये जगभरच्या वाचकांना आवडतं पात्र निवडायला सांगितलं गेलं. लुफी पहिला आला, झोरो दुसरा, सांजी चौथा. मधल्या तिसऱ्या जागेवर नामी आली. बळाच्या कुठल्याही यादीत ती या दोघांच्या जवळपासही नाही. पण ती नसेल तर हे जहाज पुढच्या बेटापर्यंत पोचणार नाही. आकड्यांवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या वाचकांनी मत देताना आकडे बाजूला ठेवले होते.