इलेक्ट्रिक एसयूव्ही घेताय? किती पैसे मोजायचे ते शोरूमला जाण्याआधी घरीच ठरवा

ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या रस्त्यांवर हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या आता सर्रास दिसतात. मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथच्या गावांतही त्या पोचल्या आहेत. समृद्धी महामार्गासाठी, मुंबई-वडोदरा महामार्गासाठी जमिनी गेल्या, मोबदला खात्यात आला, आणि घरातल्या पोरांचा पहिला हट्ट गाडीचा. गाडी घेण्यात वाईट काही नाही. पण जमीन एकदाच विकली जाते आणि गाडीची किंमत शोरूमबाहेर पडल्या दिवसापासून उतरायला लागते. म्हणून "किती हप्ता बसेल?" हा प्रश्न नंतरचा. "या गाडीला जास्तीत जास्त किती पैसे द्यायचे?" हा पहिला.

शोरूम किंमत आणि खरी किंमत

जाहिरातीत छापतात ती एक्स-शोरूम किंमत. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि तो या किमतीतच धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला, मोठ्या गाड्यांचा सेस जाऊन ४० टक्के झाला. इलेक्ट्रिकचा ५ टक्केच राहिला. म्हणजे पेट्रोल गाड्या स्वस्त झाल्या आणि दोघींतलं अंतर बदललं. त्याआधी कुणी करून दिलेला हिशोब आता धरू नका.

महाराष्ट्रात खरा फरक पडतो तो रोड टॅक्समध्ये. वैयक्तिक पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५ टक्के कर लागतो. इलेक्ट्रिकला तो माफ आहे. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर लावायचं २०२५ च्या अर्थसंकल्पात ठरलं होतं, पण तो प्रस्ताव सरकारने त्याच अधिवेशनात मागे घेतला. केंद्राने २०२१ मध्ये बॅटरीच्या गाड्यांची नोंदणी फीही माफ केली. त्यामुळे कोटेशनमध्ये "आरटीओ" म्हणून मोठी रक्कम दिसली, तर ती कशाची ते विचारा.

कोटेशनमधल्या ओळी वाचा

चार्जर : काही कंपन्या चार्जर गाडीसोबत देतात, काही वेगळा विकतात. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या आल्या तेव्हा ७.२ किलोवॉटच्या चार्जरचे ५० हजार आणि ११.२ किलोवॉटचे ७५ हजार वेगळे होते. वायरिंगचा खर्च त्यावर आणखी.

टीसीएस : १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस कापतात. साडेसतरा लाखांच्या गाडीवर १७,५०० रुपये. हा खर्च नाही, रिटर्न भरलं की जमा धरला जातो किंवा परत मिळतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून बरेच शेतकरी रिटर्नच भरत नाहीत आणि ही रक्कम तशीच पडून राहते. गाडी घेतली त्या वर्षाचं रिटर्न भराच.

विमा : शोरूमचाच घेण्याची सक्ती नाही. बाहेरून दोन-तीन कोटेशन आणा. रकमेत चांगला फरक निघतो.

हँडलिंग चार्ज, ॲक्सेसरीज पॅकेज : नोंदणीशी यांचा काही संबंध नाही. काढायला सांगा.

कर्जाच्या व्याजावर आयकरात दीड लाखापर्यंत सूट मिळते असं अजून सांगितलं जातं. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. राज्याच्या अनुदानाचंही तसंच. लेखी मिळेपर्यंत ते किमतीतून वजा धरू नका.

किती जादा द्यायचे, त्याचा हिशोब

समजा तुमच्या पसंतीची पेट्रोल एसयूव्ही १४ लाखांची आहे आणि त्याच आकाराची इलेक्ट्रिक साडेसतरा लाखांची. फरक दिसतो साडेतीन लाखांचा. पेट्रोलवर १२ टक्के रोड टॅक्स म्हणजे १ लाख ६८ हजार. ती झाली १५ लाख ६८ हजारांची. फरक उरला १ लाख ८२ हजार. विमा दोन्हीकडे बाजूला ठेवला आहे.

आता चालवण्याचा खर्च. पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी लिटरला १४ किलोमीटर देते असं धरलं, तर किलोमीटरला साडेसात रुपये. इलेक्ट्रिक एसयूव्ही एका युनिटवर सहा किलोमीटर धरा. घरची वीज १५ रुपये युनिट धरली तर अडीच रुपये. म्हणजे किलोमीटरमागे पाच रुपये वाचतात. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिट २४ रुपयांना पडलं तर खर्च चार रुपयांवर जातो, बचत साडेतीनवर येते. आकडे आपल्या बिलाप्रमाणे बदलून घ्या, रीत तीच.

मुरबाडहून कल्याणला रोज ये-जा करणारा माणूस दिवसाला साधारण ६० किलोमीटर चालवतो. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १८ हजार किलोमीटर. वर्षाला ९० हजार, पाच वर्षांत साडेचार लाख वाचतात. पेट्रोल गाडीच्या १५ लाख ६८ हजारांत हे मिळवा, चार्जर आणि वायरिंगचे ७५ हजार वजा करा. आकडा येतो १९ लाख ४३ हजार. ही त्याची वरची मर्यादा. साडेसतरा लाखांची गाडी त्याला परवडते.

डोंबिवलीतला नोकरदार रोज लोकलने जातो. गाडी निघते रविवारी, सणाला गावी, कधी माणकोली पुलावरून ठाण्याला. वर्षाला सहा हजार किलोमीटर. पाच वर्षांची बचत दीड लाख. त्याची मर्यादा १६ लाख ४३ हजार. साडेसतरा लाख दिले तर एक लाखाच्या वर तो हौसेपोटी देतो आहे. हौसेला हरकत नाही, पण ती हौस आहे हे माहीत असावं.

या मर्यादेतूनही थोडं खाली यावं लागतं. जादाचे पैसे कर्जाने घेतले तर व्याज आहे. इलेक्ट्रिकचा विमा बहुतेक वेळा जास्त बसतो, टायर लवकर झिजतात. उलट बाजूने ऑइल, क्लच यांचा खर्च नाही.

चार्जिंग कुठे, त्यावर सगळं

घरी चार्जिंगची सोय नसेल तर निम्मा फायदा गेला. गावाकडे अंगणात गाडी उभी राहते, पण जुन्या मीटरचा मंजूर भार कमी असतो, तो वाढवून घ्यावा लागतो. महिन्याला दीड हजार किलोमीटर म्हणजे २५० युनिट वाढले. ३०० युनिटांच्या पुढे घरगुती दराचा टप्पा बदलतो, म्हणून वर १५ रुपये धरले आहेत.

शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावायचा मोह टाळा. ती वीज शेतीसाठी दिलेली आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने वसुली होऊ शकते.

कल्याण-डोंबिवली, ठाण्यातल्या सोसायट्यांत पार्किंग कुणाच्या नावावर आणि वायर कुठून, हा वाद आधी मिटवा. २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या ग्राहक हक्क नियमांनुसार गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. अर्ज महावितरणकडे करायचा. भिवंडीत आणि कळवा-मुंब्रा-शीळ भागात टोरंट पॉवरकडे. सोसायटीचं पत्र हातात आल्यावरच गाडीचं बुकिंग करा.

टोल किती वाचेल?

राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि आमणे भिवंडी तालुक्यातच आहे. त्यामुळे नाशिक, शिर्डीकडे वारंवार जाणाऱ्याला हा खरा फायदा. फास्टॅगमधून पैसे कापले जात नाहीत ना, ते मात्र तपासत राहा. जुन्या मुंबई-नाशिक महामार्गाचा या तिघांत समावेश नाही, पडघ्याचा टोल भरायचा असं धरूनच चला. मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच हलक्या गाड्यांना माफी आहे. ती बचत इलेक्ट्रिकच्या खात्यात लिहू नका.

मोठ्या बॅटरीचे पैसे द्यायचे का?

जाहिरातीतली रेंज चाचणीतली असते. एसी, घाट आणि भरलेली गाडी असली की ती बरीच खाली येते. ४५ युनिटच्या बॅटरीवर पावणेतीनशे किलोमीटर धरा. रोजच्या ६० किलोमीटरला ती भरपूर आहे. कल्याण-नाशिक जाऊन-येऊन करायचं, माळशेज चढायचा, असं आठवड्याला होत असेल तरच मोठी बॅटरी घ्या. वर्षातून दोनदा गावी जायला दोन-तीन लाख जादा कशाला? वाटेत एकदा थांबून चार्ज करता येते.

बॅटरी भाड्याने हाही मार्ग आहे. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा बॅटरीसह साडेतेरा लाख आणि बॅटरीविना ९ लाख ९९ हजार अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये, असा भाव होता. साडेतीन लाखांचा फरक एक लाख किलोमीटरला फिटतो. त्यापेक्षा जास्त चालवणाऱ्याला भाडं महाग पडतं. महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरायचे, ही अट वाचा.

भाव उतरतात, घाई नको

सप्टेंबर २०२४ मध्ये टाटाने सणासाठी नेक्सॉन ईव्हीच्या किमती तीन लाखांपर्यंत कमी केल्या. महिनाभर आधी घेतलेल्यांच्या गाडीचा भाव एका दिवसात तेवढा उतरला. वर्षअखेरचा जुना साठा आणि नवीन मॉडेल यायच्या आधीचे दिवस घासाघीस करायला बरे. बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला किती वर्षं लागू राहते तेही पाहा. काही कंपन्या पहिल्या मालकाला आयुष्यभराची आणि पुढच्याला ठरावीक वर्षांची देतात. विकताना भाव त्यावर ठरतो.

हप्ता

१२ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे २४,९०० आणि व्याज २ लाख ९५ हजारांच्या घरात. सात वर्षं केली तर हप्ता १९,३०० वर येतो, पण व्याज ४ लाख २० हजारांच्या पुढे जातं. तेवढ्यानेच इंधनाची बचत खाल्ली जाते. भाताचे पैसे वर्षातून एकदा येतात, हप्ता दर महिन्याला जातो. घरात पगार, दूध किंवा भाड्याचं महिन्याचं उत्पन्न नसेल तर केवळ मोबदल्याच्या भरवशावर हप्ता बांधू नका.

शोरूमला जाताना एका कागदावर तीन आकडे लिहून न्या : वर्षाचे किलोमीटर, घरच्या विजेचा शेवटच्या टप्प्याचा दर आणि आपली वरची मर्यादा. कोटेशन त्या मर्यादेच्या वर गेलं तर चहा पिऊन परत या. गाड्या कुठे पळून जात नाहीत.