याजकपद आणि नवा करार

याजकपद आणि नवा करार : ख्रिस्ती धर्मशास्त्रातील परस्परसंबद्ध संकल्पना. मोशेच्या नियमशास्त्रानुसार याजकपद लेवी वंशातील अहरोनाच्या कुळाकडे असे. प्रमुख याजक वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, बलिरक्त घेऊन परमपवित्रस्थानात जाई. यिर्मया संदेष्ट्याने (३१:३१–३४) हृदयावर लिहिल्या जाणाऱ्या नव्या कराराचे भाकीत केले. बायबलमधील ‘इब्री लोकांस पत्र’ हे भाकीत येशूला लावते. येशू यहूदा वंशातला, म्हणून त्याचे याजकपद वंशपरंपरेचे नव्हे, तर शालेमचा राजा व याजक मलकीसदेक याच्या संप्रदायाचे ठरते. तो स्वतःच याजक आणि स्वतःच बळी. त्याचे अर्पण एकदाच व कायमचे झाल्याने पशुबळींची गरज संपते. येशूच्या शेवटच्या भोजनातील प्याला हे या नव्या कराराचे चिन्ह.

पुढे चर्चमध्ये याजकपद कोणाकडे असते यावर मतभेद झाले. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये सर्व श्रद्धावंतांचे याजकपद मांडले. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५६३ मध्ये गुरुदीक्षा हा संस्कार असल्याचे ठामपणे सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) श्रद्धावंतांचे सामाईक व दीक्षित सेवकांचे याजकपद परस्परपूरक, पण स्वरूपतः भिन्न मानले. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘पाळक’, तर कॅथलिकांत ‘धर्मगुरू’ ही संज्ञा रूढ आहे.