सिंथेसायझरची मींड

वादकाने चाक किती फिरवले आणि त्यामुळे सुरात किती फरक पडला, या दोहोंचे नाते दाखवणाऱ्या रेषेला सिंथेसायझरच्या भाषेत कर्व्ह म्हणतात. आज सॉफ्टवेअरमध्ये ही रेषा माउसने ओढून हवी तशी वाकवता येते. पूर्वी ती वाद्याच्या रचनेतच पक्की झालेली असे. रागदारीच्या वळणाची गाणी कळफलकावर वाजवायची म्हणजे मींड, अर्थात एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, आलीच. त्यामुळे मुंबईच्या चित्रपटसंगीतातल्या वादकांची या रेषेशी गाठ लवकर पडली.

पेटीवर मींड निघत नाही. एका पट्टीवरून दुसरीवर जाताना मधले सूर गळतात. अशा आक्षेपांपायी आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर घातलेली बंदी तीन दशके टिकली. विजेच्या वाद्यांनी सुरुवातीला आडवाट धरली. कोन्स्तां मार्तां या फ्रेंच अभियंत्याने 1947 मध्ये बनवलेले क्लॅव्हिओलिन एका वेळी एकच सूर वाजवी. आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा होता, कंपासाठी बटणे. ‘नागिन’ (1954) चित्रपटात हेमंतकुमारांच्या संगीतात ऐकू येणारी बीन कल्याणजी वीरजी शहा यांनी याच वाद्यावर वाजवली, सोबत रवींची पेटी होती. खरी मींड नसतानाही ती बीन लोकांना पटली, हे कंपाचे आणि दोन्ही वादकांच्या बोटांचे श्रेय.

खरा पालट रॉबर्ट मूग यांच्या यंत्रांनी झाला. त्यांत विद्युतदाब एक व्होल्टने वाढला की सूर नेमका एक सप्तक चढे. कानाला सारखी वाटणारी अंतरे कंपनसंख्येत सारखी नसतात: 220 वरून 440 हे एक सप्तक, पण त्यापुढचे सप्तक 880 वर पोचते. ही दुपटीची चढण यंत्रानेच सांभाळल्यामुळे सूर कानाला एकसारखा सरकू लागला. 1970 च्या मिनिमूगमध्ये डाव्या हाताला दोन चाके आली, एक सूर वाकवायला आणि दुसरे मॉड्युलेशनसाठी. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य रुळवणाऱ्यांत केर्सी लॉर्ड आघाडीवर होते.

वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँड कंपनीची ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808 ही यंत्रे घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. 2010 च्या पुनर्प्रकाशनानंतर परदेशात तिचा गवगवा झाला. टीबी-303 मधली सूर सरकवणारी स्लाइड पाहण्यासारखी आहे. उडी अर्ध्या सुराची असो वा सप्तकाची, ती तेवढ्याच वेळात पुरी होते. सूर आधी झपाट्याने सुटतो आणि मुक्कामाजवळ मंदावतो. गायकाची मींड बहुधा निघतानाही रेंगाळते. हा फरक भरून काढण्याची सोय त्या यंत्रात नव्हती.

1983 मध्ये विजेची वाद्ये एकमेकांना जोडणारी मिडी ही पद्धत आली आणि वादकाची हालचाल आकड्यांत मोजली जाऊ लागली. मॉड्युलेशनच्या चाकाला 0 ते 127 अशा 128 पायऱ्या मिळाल्या, सूर वाकवण्याला मात्र 16,384. ही तफावत योग्यच होती, कारण सुरातली पायरी कान लगेच पकडतो. कळ किती जोरात दाबली हेही 127 पर्यंतच्या आकड्यात येऊ लागले.

माराचा जोर असाच मोजणारे रोलँडचे ऑक्टापॅड हे काठीने वाजवायचे तालवाद्य 1985 पासूनचे. महाराष्ट्रात ते ऑर्केस्ट्रात आणि मोठ्या तमाशा फडांत पोचले. अशा फडांच्या परंपरेत ढोलकीचा मान पहिला. ढोलकीचा घुमारा डाव्या हाताच्या दाबाने थापेनंतरही वरखाली होतो. पॅडवर हातात उरतो तो फक्त काठीचा मार. इथे कर्व्ह माराचा जोर आणि आवाज यांचे नाते दाखवतो; तो सरळ असेल तर हलका मार दबून जातो. सुरुवातीलाच चढणारा कर्व्ह लावला की हलक्या मारालाही आवाज फुटतो, पण जोरदार मारातला फरक कमी होतो. यातले काय सोडायचे, ते वाजवणाऱ्याने ठरवायचे.

स्टाइनबर्ग कंपनीने 1996 मध्ये संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडण्या लावण्याचे व्हीएसटी हे तंत्र आणले, 1999 मध्ये त्यात वाद्येही बसली. पुढे अनेक सॉफ्टवेअर सिंथेसायझरांत कर्व्ह थेट पडद्यावर दिसू लागला. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार घ्या. एलएफओने, म्हणजे मंद गतीच्या दोलकाने, सूर हलवायचा, त्याचे माप चाकावर ठेवायचे आणि कमाल माप 50 सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा निम्मा भाग. सरळ रेषेवर चाक निम्मे फिरवले की 25 सेंट मिळतात. फिरवण्याच्या मापाचा वर्ग घेणाऱ्या कर्व्हवर तेवढ्याच फिरवण्याला सुमारे 13. म्हणजे चाकाचा पहिला अर्धा भाग बारीक आंदोलनासाठी मोकळा राहतो. मींडेसाठी दोन्ही टोकांना सपाट होणारा एस-कर्व्ह जवळचा, कारण त्यात सूर निघताना रेंगाळतो आणि पोचतानाही. एलएफओचा वेग मात्र कर्व्हने बदलत नाही; तो दुसऱ्या नियंत्रणाला वेगळा जोडावा लागतो, आणि त्यालाही स्वतःचा कर्व्ह देता येतो.