गोलंदाजाचा कान

आज आपण तंजावरला आहोत, पण विषय राजांचा नाही. आवाजाचा आहे.

इथल्या जुन्या कोटावर, पूर्वेच्या अंगाला, राजगोपाल तोफ ठेवली आहे. नायकांच्या काळातली, सतराव्या शतकातली. ओतीव नव्हे, लोखंडी पट्ट्या आणि कडी ठोकून जोडलेली, सुमारे साडेसात मीटर लांब. मी तोफखान्यातला माणूस. ती पाहताना मला बत्ती देणाऱ्याचे कान आठवतात. इतिहासात तोफेला नाव मिळतं, गोलंदाजाला नाही.

दुसऱ्या दिवशी बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसल्यांचा मराठी शिलालेख वाचत होतो. तेवढ्यात डोक्यावरून सुखोई गेलं; २०२० पासून इथल्या हवाई तळावर त्यांची स्क्वाड्रन आहे. मी भिंतीला टेकलो. मग दगडावरचं ऊन डोळ्यांत खुपू लागलं, कापराचा वास सोसेना. पत्नी म्हणाली, "अहो, चला, सावलीत बसू."

नोकरीत हे मी लपवलं होतं. आवाजाला दचकणारा तोफखान्याचा अधिकारी, सांगणार कुणाला? निवृत्तीनंतर कान तपासले तर ठणठणीत.

उत्तर मला एका जुन्या लेखात सापडलं. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये तीन सैनिकांची हकीकत छापली. तिघांच्याही जवळ तोफगोळे फुटले होते. बिघडलं काय? स्मरण, दृष्टी, वास, चव. कान मात्र जवळजवळ शाबूत! एवढ्या आवाजानंतर कानच कसे वाचले, याचं मायर्सना कोडं पडलं. 'शेल शॉक' हा शब्द त्या लेखाने रूढ केला. त्या तिघांच्या संवेदना बोथट झाल्या होत्या, माझ्या धारदार होतात. पण दोन्हीकडे घाव कानावर नसून पहाऱ्यावर बसलेल्या मेंदूवर आहे. ताण वाढला की हा पहारेकरी आवाज, उजेड, वास, सगळ्यांनाच शत्रू समजतो. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आघातोत्तर ताणाच्या लक्षणांत हे अतिदचकणं नोंदवलं, तोवर दोन महायुद्धं होऊन गेली होती.

गंमत म्हणजे फायरिंग रेंजवर मला कधी त्रास झाला नाही. तिथे 'फायर'चा हुकूम आधी येतो. ग्लास आणि सिंगर या संशोधकांनी प्रयोगांत हेच पाहिलं: अवचित येणारा, आपल्या हाती नसलेला आवाज माणसाला जास्त थकवतो.

आता घरी कुकर चढला की स्वयंपाकघरातून हाक येते, "अहो, शिट्टी होणार हं!"